प्राथमिक वर्गातील दिनक्रम व सहखेळ

प्राथमिक वर्गातील दिनक्रम म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गात रोज ठरावीक क्रमाने होणारी कामे. सहखेळ म्हणजे मुलांनी आपापसांत नियम ठरवून, एकमेकांच्या साहाय्याने खेळलेला खेळ. वेळापत्रकात या दोन बाबी स्वतंत्र दिसत असल्या, तरी सहा-सात वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने त्या परस्परावलंबी असतात. पुढे काय होणार हे ठाऊक असलेले मूल निर्धास्तपणे खेळात रमते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात या विचाराचा पाया बालवाडीत घातला गेला. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९४५ पासून ताराबाईंनी बोर्डी येथे आणि १९५७ नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे काम केले. माँटेसरी पद्धतीतील महागड्या साधनांऐवजी खडे, बिया, शिंपले, पाने अशा परिसरातील वस्तू त्यांनी वापरात आणल्या. पहिलीच्या वर्गाने मात्र बालवाडीचा हा वारसा पूर्णतः स्वीकारला नाही. बाके आली आणि खेळ मैदानाच्या तासापुरता उरला.

दिनक्रम

दिवसाचा आरंभ परिपाठाने होतो. त्यात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष यांचा समावेश असतो. २०२३ पासून राज्यगीताचीही भर पडली आहे. नंतर हजेरी होते. फळ्याच्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट व उपस्थिती लिहिण्याची प्रथा जुनी आहे. हे काम शिक्षकांनी स्वतः न करता पाळीपाळीने मुलांकडे सोपविले, तर पटातून उपस्थिती वजा करणे हे दिवसाचे पहिले गणित ठरते आणि आज कोण आले नाही याचीही वर्गाला जाणीव राहते. डबा खाण्यापूर्वी हात धुणे, सतरंजी अंथरणे, साहित्य जागेवर ठेवणे ही कामेही गटागटाने करता येतात.

सहखेळ

अमेरिकन संशोधिका मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळातील सहभागाचे टप्पे मांडले. शेजारी बसून वेगवेगळे खेळणे आणि समान उद्देशाने मिळून खेळणे यांतील भेद त्यात स्पष्ट होतो. भातुकली हे दुसऱ्या प्रकाराचे परिचित उदाहरण होय. ‘मामाचे पत्र हरवले’ या खेळात ज्याच्यावर राज्य येते तो कायमचा बाद होत नाही, म्हणून लहान वर्गाला तो विशेष मानवतो.

मराठी मुलांच्या खेळात ‘कच्चा लिंबू’ ही एक सुंदर सोय आहे. लहान किंवा नवख्या गड्याला खेळात घेतले जाते, पण तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. सर्वांना सामावून घेण्याचा हा नियम कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकाआधी मुलांनीच घडविला आहे. शिक्षकांनी तो मोडू नये; मात्र तेच मूल वर्षभर कच्चा लिंबू राहत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. भांडण झाल्यास निवाडा देण्याची घाईही टाळावी, कारण नियमांवरील वादात मुले आपले म्हणणे मांडावयास शिकतात.

कोथरूडमधील स्थिती

पुण्याच्या पश्चिमेकडील कोथरूड हे पूर्वी गाव होते. आज ते दाट वस्तीचे उपनगर आहे. अंगणे जाऊन त्या जागी वाहनतळ आले. त्यामुळे अनेक मुलांना समवयस्कांचा मोठा घोळका प्रामुख्याने शाळेतच भेटतो. पण शाळेचा वेळही मोजका असतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० अध्यापन तास आवश्यक आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. अभ्यासक्रम मागे पडला की खेळाचाच तास प्रथम कापला जातो, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, मुलांची झोप पूर्ण व्हावी या हेतूने, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरविण्याचा आदेश काढला. एकाच इमारतीत दोन सत्रे चालविणाऱ्या शाळांना आणि रिक्षा-व्हॅनच्या फेऱ्यांना हा बदल जड जातो. उशिरा भरलेला वर्ग दुपारच्या सत्रासाठी वेळेत रिकामा करावयाचा, तर मधली सुटी आखडली जाते आणि मुलांचा मांडलेला डाव अर्ध्यावर राहतो.