माझगावचा हरवलेला किल्ला

मुंबईच्या डॉकयार्ड रोड स्थानकाला लागूनच भंडारवाड्याची टेकडी आहे. तिच्या माथ्यावरील जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानातून पूर्वेस गोदी आणि बंदराचे पाणी दिसते. याच पाण्यावर नजर ठेवण्यासाठी इ. स. १६८० च्या सुमारास इंग्रजांनी या टेकडीवर किल्ला बांधला होता.

१६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला मुंबई वर्षाला १० पौंड खंडाने मिळाली. माझगाव हे तेव्हा स्वतंत्र बेट होते. मोगलांचा आरमारप्रमुख असलेला जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यात आपले आरमार माझगावच्या आश्रयास आणी. त्याला नकार द्यावा तर औरंगजेब रुष्ट होणार, आणि थारा द्यावा तर शिवाजी महाराज. १६७९ मध्ये मराठ्यांनी बंदराच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तटबंदी उभारण्यास आरंभ केला, तेव्हा इंग्रजांची चिंता अधिकच वाढली. माझगावचा किल्ला हा अशा कोंडीच्या काळातील होय.

कसोटीच्या वेळी मात्र तो टिकला नाही. सर जॉन चाइल्डने मोगलांची जहाजे पकडली आणि १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान शिवडीस उतरला. माझगावचा किल्ला त्याच्या हाती पडला. इंग्रज दक्षिणेकडील मुख्य कोटात कोंडले गेले. अखेर औरंगजेबापुढे नमते घेऊन आणि दीड लाख रुपये दंड भरून त्यांनी सुटका करून घेतली. जून १६९० मध्ये सिद्दीने बेट सोडले. जाताना किल्ला जमीनदोस्त केला. जेमतेम १० वर्षांचे त्याचे आयुष्य!

पुढे भर घालून बेटे जोडली गेली, शहर वाढले आणि त्याला शत्रूपेक्षा तहानेची चिंता अधिक भेडसावू लागली. १८८४ मध्ये विहार तलावाच्या पाण्यासाठी या टेकडीवर जलाशय बांधण्यात आला. त्याच्या माथ्यावर हिरवळ आली, झाडे आली. जी उंची तोफांना उपयोगी पडली नाही, ती घरोघरी पाणी पोचविण्यास उपयोगी पडली.

उद्यानाचे पूर्वीचे नाव जॉन हे ग्रँट यांच्यावरून होते. आज ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते ‘काका’ बॅप्टिस्टा माझगावचेच सुपुत्र. बेळगावकरांना हे नाव परके नाही. एप्रिल १९१६ मध्ये याच नगरीत लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने होमरूल लीग स्थापन झाली, तिचे अध्यक्ष बॅप्टिस्टा होते आणि चिटणीस न. चिं. केळकर. पुढे १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले.

कंपनीच्या सत्तेच्या रक्षणार्थ बांधलेल्या किल्ल्याच्या जागी स्वराज्य मागणाऱ्या माणसाचे नाव यावे, हा इतिहासाचा न्यायच म्हणावा लागेल. तथापि, टेकडीवर किल्ल्याचा एकही अवशेष दिसत नाही. बागेत येणाऱ्याला तो ठाऊक व्हायचा, तर केवळ ग्रंथांतूनच. दगड जेथे उरत नाहीत, तेथे स्मरणाचा भार कागदावर येतो. आणि तो कागद जपण्याचे काम ग्रंथालयांकडे येते.