पेलो कोण?

विरार लोकलपाशी एक गुजराती आजोबा नातवाला सांगत होते, "आ नहीं, पेलो डब्बो." हा नव्हे, तो पलीकडचा डबा. नातू आजोबांच्या बोटाच्या दिशेने पळाला आणि मी चढायचं विसरून फलाटावरच उभा राहिलो. पंधरा दिवसांपूर्वी हाच शब्द मी गोव्यातल्या साष्टीत एका घरात ऐकला होता. तिथे रेल्वेचा काही संबंध नव्हता. संध्याकाळची प्रार्थना चालू होती.

ते घर माझ्या मित्राचं. त्याच्या आईला सगळा वाडा 'माय' म्हणतो. माय दोतोर्नीत, म्हणजे लहानपणीच्या धर्मशिक्षणात, पाठ केलेलं कोंकणीत म्हणत होती: देवाचो मोग आणि पेल्याचो मोग. देवावर प्रेम आणि पेल्यावर प्रेम. मला वाटलं, पहिल्यावर प्रेम? मग दुसऱ्याचं काय? प्रार्थना संपल्यावर मी विचारलं. 'पेलो' म्हणजे बायबलमधला शेजारी, मराठी बायबल ज्याला 'शेजारी'च म्हणतं तोच, असं कळलं. पण कोंकणीत 'शेजारी' हा शब्द आहे की! मायने सामायिक भिंतीकडे हात केला. "शेजारी म्हळ्यार हो आमचो. पेलो म्हळ्यार कोणूय." शेजारी म्हणजे हा आपला, भिंतीपलीकडचा. पेलो म्हणजे कुणीही.

हे लिहितो आहे ते एवढ्याच एका गोष्टीसाठी. ख्रिस्ती धर्माची दुसरी मोठी आज्ञा ज्या माणसावर प्रेम करायला सांगते, त्याला युरोपातल्या भाषा 'जवळचा' म्हणतात. गोव्याची भाषा त्याला 'पलीकडचा' म्हणते.

आधी जवळच्यांची हजेरी घेऊ. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे 'प्लेसिऑन', मुळात क्रियाविशेषण, अर्थ 'जवळ'. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिनमध्ये लिहिलं 'प्रॉक्सिमुस', म्हणजे नुसता जवळचा नव्हे, सर्वांत जवळचा. त्यावरून पोर्तुगीज 'प्रॉसिमु', इटालियन 'प्रोस्सिमो'. फ्रेंच 'प्रोशँ'ही लॅटिनमधल्या 'जवळ'मधूनच. जर्मनमध्ये 'नेख्स्टे', पुन्हा सर्वांत जवळचा. इंग्रजी 'नेबर' जुन्या इंग्रजीत 'जवळ राहणारा शेतकरी' होता. रशियन 'ब्लिझ्नी' म्हणजेही निकटचा. इतक्या भाषांनी एका सुरात 'जवळ' म्हटल्यावर आपल्याला वाटतं, दुसरं काही म्हणताच येत नसणार.

मराठी तर याहूनही जवळ गेली. शेज म्हणजे अंथरूण, संस्कृत शय्येची नात. शेजार त्याच घराण्यातला, असं मानतात. ज्याची शेज आपल्या शेजेला लागून तो शेजारी. शंका असेल त्याने जात्यावरच्या ओव्यांतली शेजीबाई आठवावी; तिच्यात तर शेज उघडीच दिसते. आणि देवळात रात्री देवाला निजवताना जी होते ती शेजारती, शेजेची आरती. म्हणजे मराठीत देव आणि शेजारी हे दोघेही एकाच बिछान्याच्या शब्दातून भेटतात. देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती एकत्र बांधणारं वचन मराठीत आणणाऱ्यांना हे ठाऊक होतं का? बहुधा नाही. शब्द माणसांपेक्षा जास्त लक्षात ठेवतात.

आता पेलो. कोंकणीत पहिल्याला 'पयलो' म्हणतात आणि हा 'पेलो'. कानाला दोन्ही इतके जवळ की पहिला प्रतिस्पर्धी सिद्धान्त आपोआप उभा राहतो: पेलो म्हणजे पहिलाच. जो सर्वांत जवळ तो पहिला, म्हणजे हा 'प्रॉक्सिमुस'चाच अनुवाद. पाद्र्यांना लॅटिन तोंडपाठ, तेव्हा हे सोपं आणि सुबक आहे. माझ्या एका भाषाप्रेमी मित्राने फोनवर हेच सांगितलं आणि विषय संपल्यासारखा फोन ठेवला.

तो सिद्धान्त विरार लोकलच्या फलाटावर पडला. गुजरातीत 'पहेलो' म्हणजे पहिला आणि 'पेलो' म्हणजे तो, तिकडचा. 'पेले पार' म्हणजे पलीकडच्या तीरावर. दोन शब्द, दोन अर्थ, आणि गुजराती माणूस त्यांत कधी गल्लत करत नाही. कोंकणीतली पयलो-पेलो ही जोडी तंतोतंत तशीच आहे. कोंकणीतला पेलो पहिल्याचा बिघडलेला उच्चार असता, तर गुजरातीतही तोच बिघाड होऊन नेमका 'पलीकडचा' हा अर्थ कसा निघाला असता? गुजरातीतला पेलो काही गोव्याहून गेलेला नाही. दोघे एकाच आजीची नातवंडं आहेत.

ती आजी म्हणजे संस्कृत 'पर'. दुसरा, पलीकडचा. तिला प्राकृतातला '-इल्ल' प्रत्यय लागून 'परिल्ल' झालं, त्यातला 'र' झिजला, आणि मराठीत उरला 'पैल'. पैलतीर, पैलथडी. पलीकडे, पल्याड, परका ही सगळी 'पर'चीच माणसं. ऐल आणि पैल ही जुळी भावंडं. भोंडल्याचा फेर धरताना पोरी त्यांना अजून जोडीने हाक मारतात. गंमत म्हणजे 'पहिला' या शब्दातही हाच '-इल्ल' आहे. दोन निराळ्या आयांच्या मुलांना एकाच दुकानातले कपडे घातले, म्हणून लोक त्यांना भाऊ समजले.

इथे एक काटा आहे आणि तो मीच दाखवतो, कारण फोन ठेवणारा मित्र तो दाखवल्याशिवाय राहणार नाही. मराठीचा 'ऐ' कोंकणीत सहसा 'अय' होतो. बैलाचा बयल, पैसचा पयस. मग पैलचा 'पयल' व्हायला हवा, 'पेल' कसा? माझं उत्तर असं: पहिल्यात दोन स्वरांमध्ये 'ह' होता. त्याने जाताना फट ठेवली आणि ती फट 'य'ने भरली. परिल्लमधला 'र' आधीच गळून स्वर लवकर चिकटले, म्हणून 'ए' आला. आणि समजा तसं नसलं, तरी दोन्ही शब्द रोजच्या वापरातले असताना भाषा त्यांना एक होऊ देत नाही. एकाने 'अय' धरला की दुसरा 'ए' धरतो. गुजरातीनेही हेच केलं. हे अनुमान आहे, पण मी त्यावर पैज लावीन.

दुसरा प्रतिस्पर्धी जास्त धोक्याचा. तो म्हणतो, पेलो पलीकडचा असेल, पण आता त्याचा अर्थ फक्त 'दुसरा, अन्य माणूस' एवढाच आहे. पैलतीराची नदी त्यात तूच सोडलीस. हे मला अर्धं मान्य आहे. बोलणाऱ्याच्या मनात नदी नसते. शेजारी म्हणताना आपल्याही मनात अंथरूण नसतं. पण निवड कुणी तरी केली हे खरं ना? शब्दशः भाषांतर हवं असतं तर कोंकणीत 'लागशिलो' होता, अगदी प्रॉसिमुच्या मापाचा. शेजारीही होता. गुजराती बायबलने तेच केलं: पेलो हाताशी असताना 'पडोशी' घेतला. गोव्यात दोन जवळचे शब्द हाताशी असताना दूरचा घेतला गेला.

का घेतला असावा? धर्मप्रसाराचा सगळा इतिहास उगाळत नाही. दोन-चार तारखा पुरतात. 1556 साली गोव्यात छापखाना आला. विल्टशायरचा धर्मप्रसारक थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला पोचला, 1616 मध्ये त्याचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं. 1619 मध्ये तो वारला आणि 1622 मध्ये त्याची कोंकणी 'दौत्रिना क्रिस्तां' प्रसिद्ध झाली. प्रश्नोत्तरांच्या रूपात श्रद्धा शिकवणारं ते पुस्तक. हे पाद्री आपली शिकवण इथल्या माणसांच्या तोंडी उतरवत होते. शब्द कागदावर जुळून भागणार नव्हतं, तो शेतातल्या माणसाला लगेच उमजायला हवा होता.

शेतातल्या माणसाला 'शेजाऱ्यावर प्रेम कर' असं सांगा. तो बांध आठवेल, माडाच्या झावळीवरून झालेलं भांडण आठवेल, आणि म्हणेल, त्याच्यावर? त्यातून वर्तुळही लहान पडतं. भिंतीला लागून असलेला एवढाच. दुसरीकडे इथल्या नीतीत 'पर' शतकानुशतकं मुरलेला होता. परोपकार, परहित, परपीडा, परदुःख. आपल्याकडे चांगुलपणा नेहमी 'पर'ला धरून सांगितलेला आहे, 'समीप'ला धरून नव्हे. समीपोपकार असा शब्द कुणी ऐकला आहे? मला वाटतं, पेलो हा 'परोपकार'मधलाच पर, अंगावर कोंकणी कापड घातलेला. ज्या कुणी गोंयकाराने पाद्र्याच्या शेजारी बसून हे शब्द सुचवले, त्याने प्रॉसिमु ऐकला आणि त्याचा अर्थ आपल्या नीतीच्या कप्प्यात शोधला. घरांच्या नकाशात शोधला नाही.

आणि तो बरोबर निघाला, असं मला हट्टाने म्हणायचं आहे. ग्रीकच्या आधी हिब्रूकडे जाऊ. लेवीय 19:18 मधला मूळ शब्द 'रेआ' म्हणजे सोबती, सवंगडी. पण हिब्रूत 'एकाने दुसऱ्याला' असं म्हणायचं झालं की दुसऱ्याच्या जागी हाच रेआ येतो. उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात बाबेलचा मनोरा बांधायला निघालेली माणसं एकमेकांशी बोलतात, तिथेही तोच आहे. म्हणजे मुळात 'दुसरा' हा अर्थ होताच. ग्रीकने तो जवळ ओढला, लॅटिनने अगदी चिकटवला आणि कोंकणीने नकळत पुन्हा मोकळा केला. त्याच एकोणिसाव्या अध्यायात सोळा वचनं पुढे परदेशी माणसावरही स्वतःसारखं प्रेम करायला सांगितलं आहे. जवळचा आणि परका एकाच पानावर, एकाच मापाने.

लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय 10) शास्त्री विचारतो: माझा शेजारी कोण? उत्तरात येशू यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवरची गोष्ट सांगतो. लुटारूंनी मारून अर्धमेला केलेला एक माणूस पडलेला असतो. याजक येतो, लेवी येतो. दोघेही बघतात आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेने निघून जातात. लूकने त्यासाठी वापरलेल्या ग्रीक क्रियापदात हा 'समोरच्या बाजूने' असा भाग मुद्दाम आहे. मग येतो शोमरोनी. यहुदी ज्याच्याशी व्यवहार ठेवत नसत असा, खऱ्या अर्थाने पैलतीरावरचा. तो जखमा बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेतो, मालकाला दोन दिनार देतो. गोष्टीत जे जवळचे होते ते पलीकडून गेले आणि जो पलीकडचा होता तो जवळ आला. ही गोष्ट ग्रीकमध्ये सांगताना 'प्लेसिऑन' या शब्दाचा अर्थ ताणावा लागतो. कोंकणीत ताणावा लागत नाही. पेलो कोण, असं विचारताच अर्धं उत्तर प्रश्नातच असतं.

मोगाबद्दल थोडं, कारण तो पेल्याच्या शेजारीच बसतो. मोग म्हणजे प्रेम, देवाचंही आणि प्रेयसीचंही. निरोप घेताना गोव्यात 'मोग आसूं' म्हणतात. तो संस्कृत 'मोह'तून आला, असं सर्रास सांगितलं जातं. मग आपला षड्रिपूंतला चौथा शत्रू कोंकणीत देवाच्या पायरीवर बसला म्हणायचं! पण 'ह'चा 'ग' कसा? लोक इथे हात झटकतात. मला वाटतं, उत्तर संस्कृतातच आहे. 'दह्'पासून दाह आणि निदाघ, 'मिह्'पासून मेघ. तसा 'मुह्'पासून मोह आणि मोघही होतो. मोघ म्हणजे व्यर्थ, भुललेला. गीतेतही तो आहे. मोघमधला 'घ' महाप्राण सोडून 'ग' झाला की मोग. प्रेम म्हणजे व्यर्थ भुलणं, हे मूळ देवाच्या प्रेमाला शोभतं का, ते पाद्र्यांनी ठरवावं. मी व्युत्पत्तीपुरता जबाबदार.

पुढचे टप्पे एका दमात. 1684 मध्ये व्हाइसरॉयच्या हुकुमाने कोंकणीवर बंदी आली. पण घरातल्या प्रार्थनेला हुकूम पोचत नाही, आणि पेलो चुलीजवळ टिकून राहिला. गोव्याहून दक्षिणेला गेलेल्या कॅथलिकांबरोबर तो मंगळुरूलाही गेला आणि तिथे कन्नड लिपीत उभा राहिला. दोन्हीकडे तोच शब्द सापडतो, म्हणजे तो या स्थलांतराच्या आधी प्रार्थनेत रुजला असावा. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर (1962–65) मिस्सा लोकभाषेत आली, तेव्हा वसईच्या चर्चमध्ये शेजारी घुमू लागला आणि मडगावच्या चर्चमध्ये पेलो. दोघांमध्ये कोकण रेल्वेची एक रात्र.

गेल्या नाताळात मी मायला हे सगळं सांगितलं. गुजरातीतला पेलो, तो डबा, आजोबांचं बोट. ती नारळ किसत ऐकत होती. 'परिल्ल'पाशी तिचं लक्ष उडालं, ते मला कळलं. शेवटी तिने एवढंच विचारलं की, त्या लोकांत शेजाऱ्याला काय म्हणतात. मी म्हणालो, 'पडोशी'. तिने तो शब्द दोनदा जिभेवर फिरवून पाहिला, जरा हसली. तेवढ्यात बाहेर पाववाल्या पदेराच्या सायकलचा भोंगा वाजला. तिने हात पुसले, पावाची पिशवी घेतली आणि निघताना भिंतीवर दोन थापा मारल्या, पलीकडच्यांनाही पाव हवा असेल म्हणून.