गेरिंगसिंग: एका बंदिस्त गावाच्या कापडाची कुळकथा

गेरिंगसिंग हे इंडोनेशियातील बाली बेटावर विणले जाणारे सुती कापड आहे. बेटाच्या पूर्वेला, कारांगासेम जिल्ह्यातल्या तेंगानान पेगेरिंगसिंगान या एकाच गावात ते तयार होते. त्याची ख्याती विणकामाच्या एका अवघड रीतीमुळे आहे. ताणा आणि बाणा हे दोन्ही धागे विणण्याआधीच जागोजागी बांधून रंगवतात, आणि मागावर दोन्हींचे रंग एकमेकांवर नेमके बसले तरच नक्षी उमटते. याला दुहेरी इकत म्हणतात. नुसता ताणा किंवा नुसता बाणा बांधून रंगवण्याची रीत जगात पुष्कळ ठिकाणी आहे. दुहेरी इकताची परंपरा मात्र भारत, जपान आणि इंडोनेशिया एवढ्यांतच रुजली. भारतातला तिचा सर्वात प्रसिद्ध नमुना म्हणजे गुजरातेतल्या पाटणचा पटोळा.

तेंगानान समुद्रापासून थोडे आत, डोंगरांच्या बेचक्यात वसले आहे. गावाला तटबंदी आहे, चार दिशांना वेशी आहेत, आणि डोंगराकडून समुद्राकडे पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारे तीन समांतर रुंद रस्ते आहेत. इथले लोक ‘बाली आगा’, म्हणजे 1343 मध्ये जावातील मजापहित साम्राज्याने बाली जिंकण्यापूर्वीच्या बालिनीजांचे वंशज समजले जातात. बेटावर इतरत्र मृतांचे दहन होते, इथे दफन होते. गावाचा मुख्य देव इंद्र.

गावाची जन्मकथाही इंद्राच्या घोड्याचेच नाव सांगते. बेडाहुलूच्या राजाचा ओंचेस्रवा नावाचा घोडा हरवला. मराठी वाचकाला त्यात उच्चैःश्रवा लगेच ओळखू येईल. शोधायला निघालेल्या लोकांना तो या खोऱ्यात मेलेला सापडला. राजाने बक्षीस जाहीर केले: घोड्याचा वास जिथवर येईल तिथवरची जमीन तुमची. मोजणीला राजाचा अधिकारी आला, आणि तो कितीही दूर चालत गेला तरी वास काही हटेना, कारण सोबत चालणाऱ्या गावप्रमुखाने घोड्याच्या मांसाचा तुकडा कपड्यांत दडवला होता. आपल्या पूर्वजांची ही लबाडी गावकरी मुळीच लपवत नाहीत. नऊशे हेक्टरांच्या आसपास असलेली ही जमीन आजही गावाच्या सामाईक ताब्यात आहे, आणि ती बाहेरच्याला विकता येत नाही. डुरियानसारख्या काही झाडांची फळे तोडायची नाहीत, पडलेली तेवढी उचलायची, असाही नियम आहे. गावाच्या कायद्याची जुनी पोथी 1841 च्या आगीत जळाली आणि नियम पुन्हा लिहून काढावे लागले. डच अभ्यासक व्ही. ई. कॉर्न यांनी 1933 च्या आपल्या ग्रंथात तेंगानानला ‘ग्रामप्रजासत्ताक’ म्हटले. गावाबाहेर लग्न करणाऱ्याला ग्रामसभेत पूर्ण सदस्यत्व मिळत नाही. असे दार लावून बसलेले गाव एखादी कला शतकानुशतके सांभाळते यात नवल नाही. नवल हे की ती कला या गावाला एकट्याने कधीच पुरी करता आलेली नाही.

हातकताई केलेले सूत परंपरेने नुसा पेनिडा या दक्षिणेकडच्या कोरड्या बेटावरून येते. ते आधी रानअक्रोडाचे, म्हणजे स्थानिक ‘कमिरी’चे तेल आणि लाकडाच्या राखेचे पाणी यांच्या मिश्रणात मुरवतात. मुदत निदान बेचाळीस दिवसांची, पण कित्येक महिनेही ते तसेच ठेवतात, कारण सूत जितके मुरेल तितका लाल रंग खोल चढतो. मग धागे चौकटीवर ताणून, नक्षीच्या हिशेबाने मोजून, पुंजक्या-पुंजक्यांनी बांधतात. बांधलेल्या भागात रंग शिरत नाही.

पहिला रंग निळीचा, आणि तो तेंगानानमध्ये चढवायचा नाही असा गावचा निषेध आहे. बांधलेले सूत शेजारच्या बुगबुग गावात जाते आणि निळे होऊन परत येते. त्यानंतर काही गाठी सोडवून लाल रंग दिला जातो. हा लाल मेंगकुडूच्या, म्हणजे आपल्या आलीच्या किंवा बारतोंडीच्या मुळांच्या सालीतून निघतो. महाराष्ट्रातही याच मुळांनी कापड रंगवत, आणि सोवळ्या बायकांचे आलवण हे त्यातलेच. सूत रंगात बुडवायचे, वाळवायचे, काही दिवस थांबून पुन्हा बुडवायचे, असे कितीदा तरी चालते. निळीवर लाल चढला की जवळजवळ काळा होतो. अशा रीतीने सायीसारखा फिका, तांबूस आणि काळा असे तीनच रंग हाती येतात. या लालात माणसाचे रक्त असते अशी अफवा परदेशी पाहुण्यांत बरीच वर्षे फिरली. तिला आधार काहीच नाही.

विणकाम बायकांचे. माग अगदी साधा असतो: एक टोक खांबाला अडकवलेले, दुसरे विणकरणीच्या कमरेमागच्या पट्ट्याला, आणि ताण द्यायचा तो पाठीने. ताणा अखंड गोल असल्यामुळे कापड नळीसारखे विणले जाते. वीण मुद्दाम सैल ठेवतात. बाण्याचे थोडे धागे घातले की विणकरीण थांबते आणि टोकदार काडीने एकेक धागा सरकवत आडव्या रंगाची कड उभ्या रंगाच्या कडेला भिडवते. मग बाणा घट्ट ठोकून पुढे जाते. सूत भिजत घालण्यापासून कापड उतरेपर्यंत काही वर्षे सहज जातात.

ही रीत आली कुठून? गावाचे उत्तर सोपे आहे: चंद्र-ताऱ्यांच्या सौंदर्यावर लुब्ध झालेल्या इंद्राने ती बायकांना शिकवली. अभ्यासकांची नजर गुजरातेकडे वळते. पटोळे निदान सोळाव्या शतकापासून व्यापारी जहाजांतून या द्वीपसमूहात पोचत होते, पुढे डच ईस्ट इंडिया कंपनीने तो व्यापार वाढवला, आणि राजघराण्यांत पटोळा पवित्र वस्त्र ठरला. गेरिंगसिंगच्या काही फुलांच्या आणि चौकटींच्या नक्ष्या त्याच्याशी उघड नाते सांगतात. त्या पटोळ्याची स्वतःची कुळकथा महाराष्ट्रात सुरू होते. पाटणच्या साळवी विणकरांच्या परंपरेनुसार जालन्याच्या राजाने वापरलेले पटोळे गुजरातेत जात. पूजेला दररोज कोरे वस्त्र हवे असणाऱ्या कुमारपाल सोळंकी या बाराव्या शतकातल्या राजाला हे कळले, तेव्हा त्याने जालन्याहून सातशे विणकर कुटुंबेच पाटण या आपल्या राजधानीत आणून वसवली. सातशे हा आकडा दंतकथेला शोभेसा गोल आहे, पण जालन्याचे नाव त्या परंपरेत पक्के आहे.

तरीही गेरिंगसिंगला पटोळ्याची नक्कल म्हणणे अवघड आहे. पटोळा रेशमी, हे सुती. माग वेगळा, आणि एक पुरुषांच्या हातचे तर दुसरे बायकांच्या. शिवाय गेरिंगसिंगच्या ‘वायांग’ प्रकारातल्या मानवी आकृती पाटणच्या नमुन्यांशी जुळत नाहीत. त्या चौदाव्या शतकातील पूर्व जावाच्या मंदिरांवरील शिल्पांशी जुळतात. 1365 मध्ये प्रपंच कवीने रचलेल्या ‘नागरक्रेतागम’ या जावानीज काव्यात गेरिंगसिंग हे नावही येते. पण ते याच कापडाचे की केवळ एखाद्या नक्षीचे, यावर एकमत नाही. पटोळ्याने नक्षी दिली, नमुना दिला. ताणा बांधून रंगवण्याचे कसब या बेटांवर आधीपासून होते. दोन्ही एका मागावर आणण्याचे काम मात्र स्थानिक हातांनी केले, असे मानणे सर्वात सयुक्तिक दिसते.

कापडाचे बळ त्याच्या संरक्षक शक्तीत मानले जाते. ‘गेरिंग’ म्हणजे आजार आणि ‘सिंग’ म्हणजे नाही, अशी लोकव्युत्पत्ती त्यासाठी सांगतात. तेंगानानमध्ये बाळाच्या पहिल्या केशकर्तनापासून लग्नापर्यंत ते लागते. सांबाह महिन्यात इंद्राच्या सन्मानार्थ तरुण केतकीच्या काटेरी पानांनी एकमेकांशी झुंजतात, त्या उत्सवात मुली गेरिंगसिंग लेवून मिरवतात. उरलेल्या बालीतही दात कानशीने घासण्याच्या संस्कारात उशीवर ते अंथरतात. जुन्या कापडाचे सुटलेले धागे औषध म्हणूनही वापरले जात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळच्या चांदीदासाच्या किनाऱ्यावर पर्यटन आले आणि गावाच्या वेशी पाहुण्यांना खुल्या झाल्या. आज अंगणात माग मांडून बसलेल्या विणकरणी उपरणी आणि लहान पट्टेही विणतात. मागावरून उतरलेली नळी कापली की कापडाचे पावित्र्य उणावते असे मानतात, म्हणून काही विधींसाठी ते अखंडच ठेवावे लागते. गिऱ्हाइकाला मात्र ते बहुधा कापलेलेच मिळते.