पुण्याचा कुंभार आणि प्रयोगशाळेतील कूर्चा

मराठी माणसाची अब्रू त्याच्या नाकावर असते. कुळाचे नाक राखले जाते, दुर्वर्तनाने ते कापले जाते. पंचवटीतील शूर्पणखेची कथा तर देवळातल्या कीर्तनांतून आबालवृद्धांनी ऐकलेली आहे. परंतु नाक कापणे ही केवळ बोलण्याची रीत नव्हे. जुन्या राजवटींत ती प्रत्यक्ष शिक्षा होती, आणि अपराध जन्मभर चेहऱ्यावर दिसत राहावा हा तिचा हेतू असे. कायद्याच्या व्यवसायात आयुष्य घालवीत असताही, गेलेले नाक परत मिळविण्याच्या विद्येच्या इतिहासाकडे आम्ही ओढले गेलो ते या कारणाने.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात ही क्रिया सांगितली आहे. नाकाच्या मापाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाची त्वचा एका बाजूस जोडलेली ठेवून सोडवावी व नाकाच्या जागी बसवावी, श्वासासाठी दोन नळ्या घालाव्या, ज्येष्ठमधादिकांची पूड टाकून वर कापूस ठेवावा आणि तिळाच्या तेलाचे सिंचन करावे.

यानंतरचा ठळक पुरावा आपल्या पुण्याचा आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ साली टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षाने पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या कुंभाराने त्याला नवे नाक बसविले. कुंभाराने मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडविले, ते कपाळावर सपाट पसरून रेखा काढली, दोन भुवयांमधील चिंचोळी पट्टी तेवढी शाबूत ठेवून त्वचा सोडविली, ती वळवून खाली आणली आणि काताच्या लेपाने चिकटविली. सुमारे पंचवीस दिवसांनी ती पट्टी कापली. दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनी हे डोळ्यांनी पाहिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये वृत्तांत छापून आला. तो वाचूनच जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया केली.

येथे अभिमानाने थांबण्याचा मोह होतो. पण न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कपाळाची त्वचा नाकावर आली, तरी नाकाचा आकार तोलून धरते ती आतली कूर्चा. ती त्वचेबरोबर येत नाही. आधार नसलेले नाक कालांतराने आक्रसते व बसते. विसाव्या शतकातील शस्त्रवैद्यांनी यासाठी रोग्याच्या बरगडीची कूर्चा काढून ती कोरण्यास आरंभ केला. १९५९ साली टँझर यांनी या पद्धतीने संपूर्ण कान घडविल्याचे प्रसिद्ध केले. मात्र एक अवयव साधण्यासाठी छातीवर दुसरी जखम सोसावी लागे.

मग कूर्चा शरीराबाहेरच का वाढवू नये? अडचण तिच्या स्वभावात आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती स्वतः नीट भरून येत नाही. तिच्या पेशी सपाट काचपात्रात वाढविल्या, तर त्या आपला धर्म विसरतात आणि साध्या तंतुपेशींसारख्या वागू लागतात. स्वीडनमध्ये ब्रिटबर्ग, पीटरसन व सहकाऱ्यांनी २३ रोग्यांच्या गुडघ्यांत त्यांच्याच वाढविलेल्या कूर्चापेशी घातल्याचा वृत्तांत १९९४ साली दिला. पुढे अमेरिकेत पाठीवर मानवी कानाचा आकार असलेल्या उंदराचे चित्र जगभर गाजले, आणि मानवी अवयव उंदरास फुटला अशी हाकाटी झाली. वस्तुतः त्यात मानवी पेशी मुळीच नव्हत्या. त्या वासराच्या होत्या, आणि साचा विरघळणाऱ्या पदार्थाचा होता.

खरे यश शांतपणे आले. बाझेल येथे पाच वृद्ध रोग्यांच्या नाकपुडीचा भाग कर्करोगामुळे काढावा लागला. त्यांच्याच नाकाच्या पडद्यातून ६ मिलिमीटर व्यासाचा तुकडा घेऊन, त्याच्या पेशी सुमारे चार आठवड्यांत वाढवून, मूळ तुकड्याच्या चाळीसपट कूर्चा तयार झाली व रोपण्यात आली. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. २०१८ साली चीनमधील वैद्यांनी, जन्मतः कान अपूर्ण असलेल्या पाच मुलांना त्यांच्याच पेशींपासून कान दिल्याचे प्रसिद्ध केले. पाच माणसे म्हणजे अजून रूढ उपचार नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

आता आमच्या व्यवसायाचा प्रश्न. शरीराबाहेर वाढलेल्या पेशी कोणाच्या? कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली जॉन मूर यांच्या खटल्यात ठरविले, की काढून घेतलेल्या पेशींवर रोग्याची मालकी चालत नाही. मात्र वैद्याने आपला आर्थिक हितसंबंध रोग्यास आधी सांगितलाच पाहिजे. आम्हांस या निकालाचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. मालकीवर वाद होईल, पण सांगण्याचे कर्तव्य वादातीत आहे.

याच न्यायाने आपणही एक ऋण कबूल केले पाहिजे. त्या वृत्तांतात कावसजीचे नाव आहे, कुंभाराचे नाही. नाव विचारण्याचे परक्यांना सुचले नाही, असे म्हणून आपण सुटत नाही. जी विद्या संहितेत लिहिलेली होती, ती हाताने जिवंत ठेवली विटा भाजणाऱ्याने. ग्रंथ पूजणाऱ्यांना त्याची ओळख परदेशी मासिकातून व्हावी, यात आपलेच नाक थोडे खाली जाते. पूर्वजांचा गौरव करताना सुश्रुताबरोबर त्या अनामिक कुंभारालाही हात जोडावे, एवढीच आमची विनंती.