छाती बंद करण्याची विद्या

दुर्बिणीतून केलेल्या फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेचं कौतुक होतं ते भोकांच्या आकारावरून. पूर्वी काखेखालून पाठीपर्यंत वीतभर चिरा देत आणि बरगड्या यंत्राने फाकवून धरत. आता तीन-चार सेंटिमीटरच्या एक-दोन छेदांवर काम भागतं. यातून वाटतं की छाती कमीत कमी उघडायला शिकणं हीच सगळी प्रगती. इतिहास मात्र वेगळंच सांगतो. छाती उघडायला माणूस फार पूर्वी शिकला. ती बंद कशी करायची हे नीट कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. बंद करण्यातली एकेक अडचण सुटत गेली, तसतसे छेद लहान झाले.

छातीची जखम इतर जखमांसारखी नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये फुफ्फुसावरणाची अगदी पातळ पोकळी असते. तिच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी असतो, म्हणूनच फुफ्फुस भिंतीला धरून फुगलेलं राहतं. भिंतीला भोक पडलं की हवा आत शिरते आणि फुफ्फुस मिटतं. म्हणून भोक घाईने बुजवावं, तर आत साठलेली हवा, रक्त किंवा पू कोंडला जातो आणि तोही जीव घेतो. प्राचीन वैद्यांपुढे हा पेच होताच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शिवण्याचं शास्त्र बारकाईने मांडलं आहे. धाग्यासाठी ताग, जवस, अश्मंतकाची साल, मूर्वा, गुळवेल, केस, कंडरेचे तंतू असे पर्याय आहेत. कमी मांसाच्या जागी आणि सांध्यावर दोन अंगुळांची गोल सुई, मांसल भागी तीन अंगुळांची तीन धारांची, मर्मस्थानी आणि पोटावर धनुष्यासारखी वाकडी. त्याच ठिकाणी कोणत्या जखमा तशाच शिवू नयेत हेही सांगितलं आहे. ज्यांतून वारा वाहतो आणि ज्यांच्या आत रक्त किंवा शल्य (बाहेरून घुसलेली वस्तू) राहिलं आहे, त्या जखमा त्या यादीत येतात. सुश्रुताच्या मनात छातीच होती असा दावा करता येणार नाही. पण शिवणं आणि बरं करणं या दोन गोष्टी एक नाहीत, ही जाण त्यात स्वच्छ दिसते. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य छातीतला पू काढण्यासाठी बरगड्यांच्या मधून छेद घेत आणि तो लगेच मिटू नये म्हणून त्यात लिननच्या कापडाची वात ठेवत. उघडण्याची हिंमत तेव्हाही होती.

यानंतरची बरीच शतकं वैद्यक उघडं ठेवणं आणि बुजवणं या दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहिलं. नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेत त्याचा शल्यविशारद डोमिनिक लारे याने एका सैनिकाच्या छातीची हवा खेचणारी जखम कडा जुळवून बंद केली आणि त्याचा श्वास लगेच सुधारला. याच धर्तीवर अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ मध्ये, बेंजामिन हॉवर्ड या लष्करी डॉक्टरने अशा जखमा टाके घालून वर कोलोडियन या सुकून पापुद्रा धरणाऱ्या द्रवाचा थर देऊन हवाबंद करायला सुरुवात केली. सुरुवातीला श्वास सुधारे, पण पुढे आत कोंडलेल्या पुवाने रुग्ण दगावत, आणि ही पद्धत सोडून द्यावी लागली. उत्तर मिळालं ते हँबुर्गच्या गॉटहार्ड ब्यूलाऊकडून. १८७५ मध्ये त्याने पुवाने भरलेल्या छातीत नळी घातली आणि तिचं बाहेरचं टोक पाण्याखाली बुडवलं. आतला द्राव आणि हवा पाण्यातून बाहेर पडते, बाहेरची हवा मात्र नळीत शिरू शकत नाही. छाती एकाच वेळी बंदही आणि निचरा होणारीही! हे साधन आजच्या प्रत्येक छातीच्या वॉर्डात पलंगाखाली बाटलीच्या रूपाने उभं असतं, आणि माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा शोध तोच.

तो शोध लागूनही लगेच पचला नाही, याचा पुरावा १९१८ मध्ये मिळाला. अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत फ्लू आणि न्यूमोनियाची साथ पसरली आणि शेकडो तरुण सैनिकांच्या छातीत पू झाला. रूढ उपचार म्हणजे बरगडीचा तुकडा काढून छाती लवकर उघडी करणं. अशा रुग्णांत सुमारे ३० टक्के मरत होते. शल्यविशारद एव्हार्ट्स ग्रॅहम ज्या आयोगावर होता, त्या आयोगाने कारण शोधलं. आजाराच्या सुरुवातीला फुफ्फुस भिंतीला चिकटलेलं नसतं. त्या अवस्थेत मोठं भोक पाडलं की दोन्ही बाजूंच्या श्वासावर ताण येतो. म्हणून आधी बंद पद्धतीने निचरा करावा, फुफ्फुस चिकटल्यावर गरज पडली तरच उघडावं, असा सल्ला त्यांनी दिला. मृत्यूंचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आलं. औषध नवं नव्हतं, हत्यार नवं नव्हतं. बदलली ती फक्त छाती कधी बंद ठेवायची याची समज.

यावर कोणी म्हणेल की खरी क्रांती भुलेने केली. १९०४ मध्ये ब्रेस्लाऊला शल्यविशारद फर्डिनांड झाउअरब्रुखने कमी दाबाची खोली बांधली. रुग्णाचं धड आणि शल्यविशारद आत, रुग्णाचं डोकं बाहेर. त्यामुळे छाती उघडी असतानाही फुफ्फुस मिटत नसे. पुढे श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा देण्याची पद्धत आली आणि ती अवजड खोली मागे पडली. याशिवाय छातीची शस्त्रक्रिया झालीच नसती, हे निर्विवाद. पण भुलेने उघडी छाती सोसण्याजोगी केली, बंद करण्याचा प्रश्न तिने सोडवला नाही. १९३३ मध्ये याच ग्रॅहमने सेंट लुईसमध्ये कर्करोगासाठी संपूर्ण फुफ्फुस एकाच बैठकीत काढलं आणि रुग्ण जगला. फुफ्फुस काढल्यावर जी पोकळी उरली ती भरणार कशी, या चिंतेने त्याने त्या रुग्णाच्या सात बरगड्याही काढल्या, म्हणजे भिंत आत बसेल. झाउअरब्रुखच्या खोलीला जवळजवळ ३० वर्षं उलटून गेल्यावरही बंद करण्यासाठी एवढी किंमत मोजावी लागत होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्टॉकहोमच्या हान्स ख्रिस्तियान याकोबेउसने १९१० मध्येच मूत्राशय तपासायची दुर्बीण छातीत घालून पाहिली, आणि थोड्याच वर्षांत दोन बारीक छिद्रांतून क्षयरोग्यांच्या फुफ्फुसाची भिंतीशी झालेली चिकटणं जाळून तोडायला सुरुवात केली. लहान छेद इतका जुना असेल, तर त्याचा बंद करण्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो रोगाच्या उपचारात दडलेला आहे. त्या काळी क्षयावर इटलीच्या कार्लो फोर्लानिनीने सुचवलेला उपाय होता छातीत मुद्दाम हवा भरून फुफ्फुस मिटवून ठेवण्याचा. चिकटणं तोडायची ती फुफ्फुस आणखी मिटावं म्हणून. आत हवा राहणं हेच उद्दिष्ट असल्यामुळे फुफ्फुस पुन्हा फुलवून छाती बंद करण्याची कसोटी तिथे लागतच नव्हती. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आल्यावर तो उपचार मागे पडला आणि त्याच्याबरोबर ती दुर्बीणही बरीच वर्षं अडगळीत गेली. फुफ्फुस कापायचं म्हटलं की श्वासनलिकेची फांदी आणि मोठ्या रक्तवाहिन्या बंद कराव्या लागतात, आणि बारीक छिद्रातून हाताने तिथे टाके घालणं जवळजवळ अशक्य होतं.

ही गाठ सोडवली स्टेपलरने. सोव्हिएत संघात १९५० च्या दशकात धातूच्या पिना एका दाबात मारणारी शिवणयंत्रं तयार झाली. १९५८ मध्ये अमेरिकी शल्यविशारद मार्क रॅविच याने कीवमध्ये श्वासनलिका अशा यंत्राने बंद होताना पाहिली आणि तो विषय आपल्या देशात नेला. लहान छेदातून आत जाणारे, पिना मारून मधोमध कापणारे स्टेपलर १९९० च्या सुमारास मिळू लागले. तोवर व्हिडिओ कॅमेराही हाताशी आला होता. १९९२ मध्ये मिलानच्या जानकार्लो रोवियारोने दुर्बिणीतून फुफ्फुसाचा खंड काढल्याचं प्रसिद्ध केलं. २०१० मध्ये स्पेनमध्ये दिएगो गोन्सालेस-रिवासने तेच काम एकाच छेदातून केलं. कॅमेऱ्याचं श्रेय कमी करायचं नाही, पण आत बंद करता आलं म्हणून बाहेर लहान उघडणं पुरलं.

आज छेद शिवायची वेळ येते तेव्हा हा सगळा इतिहास त्या शेवटच्या मिनिटांत एकवटलेला असतो. आधी छातीत सलाइन ओतून भूलतज्ज्ञ फुफ्फुस हळूहळू फुलवतो. बुडबुडे आले तर हवा गळते आहे. एकेक पोर्ट (हत्यारं आत घालण्यासाठी छेदात बसवलेली नळी) काढताना त्याची जागा कॅमेऱ्यातून आतून पाहतात, कारण बरगडीच्या खालच्या कडेने शीर, धमनी आणि मज्जातंतू जातात आणि पोर्टच्या दाबाने थांबलेला रक्तस्राव तो काढल्यावर सुरू होऊ शकतो. मग निचऱ्याची नळी एका छेदातून बाहेर घेऊन पक्की बांधतात. बरगड्या फाकवलेल्या नसल्यामुळे त्यांना जवळ आणणारे जाड टाके लागत नाहीत. आधी स्नायूचा थर, मग त्वचेखालचा, शेवटी त्वचेच्या आतून विरघळणारा धागा किंवा गोंद. नळीच्या जागी बटव्याच्या नाडीसारखा एक सैल टाका घालून ठेवतात, नळी ओढली की तो आवळायचा. रुग्णाला त्या क्षणी श्वास रोखायला सांगतात, नाहीतर ब्यूलाऊने पाण्याने अडवलेली हवा त्याच भोकातून आत जाईल.

मग छेदाची लांबी बिनमहत्त्वाची आहे का? मुळीच नाही. डेन्मार्कमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या २०६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्या २४ तासांत लक्षणीय वेदना दुर्बिणीच्या गटात ३८ टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ६३ टक्के रुग्णांना झाल्या. पुढचं वर्षभरही दुर्बिणीच्या रुग्णांचा त्रास कमी होता. तरीही ३८ हा आकडा काही शून्य नव्हे. बरगडीखालचा मज्जातंतू लहान छेदातूनही दुखावतो, आणि फुफ्फुसातून होणारी हवेची गळती बाहेरच्या त्वचेवर दिसत नाही. म्हणून घरातल्या कोणाची अशी शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर भोकं किती, हे विचाराच. पण त्याचबरोबर हवा गळते आहे का, नळी कधी काढणार आणि तिथला टाका कधी तोडायचा, हेही डॉक्टरांना विचारा. घरी आल्यावर कातडीखाली चुरचुरणारी सूज आली किंवा दम लागू लागला, तर वरचे टाके कितीही सुबक दिसत असले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.