कापसाची गासडी आणि पडद्यावरचे डॉक्टर

९ नोव्हेंबर १९७३. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या तुरुंगात जे. डब्ल्यू. गॅम्बल नावाचा कैदी ट्रकमधून कापूस उतरवीत असताना सुमारे ६०० पौंडांची, म्हणजे जवळपास २७० किलोची, गासडी त्याच्या अंगावर कोसळली. पुढील तीन महिन्यांत तुरुंगातील वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी त्याला १७ वेळा तपासले, औषधे दिली. दुखऱ्या पाठीचा एक्स-रे मात्र एकदाही काढला नाही. तो काम करू शकत नाही म्हणाला, तेव्हा त्याला इतरांपासून वेगळे कोंडण्यात आले. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्याने स्वतःच्या हाताने तक्रार लिहून न्यायालयात धाडली.

तुरुंगातील टेलिमेडिसिनचा इतिहास बहुधा कॅमेऱ्यापासून सांगितला जातो. तो या हस्तलिखित कागदापासून सांगणे अधिक योग्य ठरेल.

३० नोव्हेंबर १९७६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘एस्टेल विरुद्ध गॅम्बल’ या खटल्याचा निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी. त्यांचा युक्तिवाद साधा होता: बंदिवानाला बाहेर जाऊन डॉक्टर गाठता येत नाही, उपचारांसाठी तो सर्वस्वी शासनावर अवलंबून असतो. म्हणून त्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून केलेली डोळेझाक ही राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीने निषिद्ध ठरवलेली क्रूर शिक्षाच होय.

गंमत अशी, की तुरुंगाच्या वैद्यकीय प्रमुखांविरुद्धचा गॅम्बलचा स्वतःचा दावा टिकला नाही. एक्स-रे न काढणे ही फार तर वैद्यकीय हलगर्जी, क्रौर्य नव्हे, असे न्यायालय म्हणाले. तत्त्व जिंकले, कैदी हरला.

टेक्सासमधील परिस्थिती त्याने लगेच पालटली नाही. डेव्हिड रुईझ या दुसऱ्या कैद्याने १९७२ मध्येच, तीही हातानेच, तक्रार लिहिली होती. प्रतिवादी तेच तुरुंगप्रमुख एस्टेल. ही सुनावणी १५९ दिवस चालली, ३४९ साक्षीदार तपासले गेले. प्रशिक्षण नसलेले कैदीच इतर कैद्यांवर उपचार करीत असल्याचे तीत उघड झाले. डिसेंबर १९८० मध्ये न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी राज्याची तुरुंगव्यवस्था घटनाबाह्य ठरवली.

आता राज्याला डॉक्टर आणणे भागच होते. १९८३ मध्ये गॅल्व्हस्टन येथील वैद्यकीय विद्यापीठाच्या आवारात कैद्यांसाठी रुग्णालय सुरू झाले. पण गॅल्व्हस्टन हे आग्नेय किनाऱ्यावरचे बेट, आणि तुरुंग राज्यभर विखुरलेले. तज्ज्ञाची काही मिनिटांची भेट घडवायची, तरी बेड्या, सशस्त्र पहारेकरी, वाहन आणि शेकडो किलोमीटरचा रस्ता, हे सारे आलेच. १९९३ मध्ये विधिमंडळाने कैद्यांच्या आरोग्याची जबाबदारी गॅल्व्हस्टन आणि टेक्सास टेक या दोन विद्यापीठांकडे सोपवण्याची व्यवस्था केली. मोबदला दरडोई ठरावीक. प्रत्येक फेरीचा खर्च त्यामुळे डोळ्यांत भरू लागला, आणि १९९४ पासून गॅल्व्हस्टनचे डॉक्टर पडद्यावरून कैद्यांना तपासू लागले.

तंत्र अगदीच नवे नव्हते. बॉस्टनच्या लोगन विमानतळावरील दवाखाना १९६८ मध्येच दूरचित्रवाणीद्वारे शहरातील रुग्णालयाशी जोडला गेला होता. तुरुंगात खरा भार पडला तो अलीकडच्या टोकाला असलेल्या परिचारिकेवर. इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप छातीवर ती टेकवणार, पोट ती दाबणार, कॅमेरा जखमेपाशी ती नेणार. तिच्याविना पडद्यावरचा तज्ज्ञ निरुपयोगीच. शिवाय खोलीत पहारेकरी उभा असेल, तर कैदी एचआयव्हीविषयी किंवा मारहाणीविषयी मोकळेपणाने बोलेल काय?

शेजारच्या न्यू मेक्सिकोत २००३ मध्ये भारतीय वंशाचे डॉ. संजीव अरोरा यांनी ‘प्रोजेक्ट एको’द्वारे वेगळी वाट काढली. येथे तज्ज्ञ पडद्यावरून रुग्णाला तपासत नाही. तो दूरच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना हेपटायटिस सी कसा हाताळायचा ते शिकवतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ स्थानिक दवाखाने आणि ५ तुरुंग होते. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू हटला. दवाखाने व तुरुंग मिळून हे प्रमाण ५८.२ टक्के होते.