धर्मग्रंथाला अधिकार कुठून मिळतो? नर्सीच्या नामदेवांचं उदाहरण

हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. काही अभ्यासकांच्या मते त्यांचा जन्म पंढरपूरचा. परंपरेनुसार त्यांचा काळ १२७० ते १३५०. महाराष्ट्रात त्यांचे अभंग कीर्तनात गायले जातात. पंजाबात त्यांचीच ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. संत एकच, पण त्यांच्या शब्दांचा दर्जा दोन परंपरांत वेगळा आहे. असं का?

शीख परंपरा: ग्रंथ हाच गुरू

पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात शीख गुरूंच्या रचनांसोबत नामदेव, कबीर, रविदास, शेख फरीद अशा संतांची वाणीही घेतली. म्हणजे वेगवेगळ्या जातींचे आणि धर्मांचे संत एकाच ग्रंथात आले. पुढे १७०८ मध्ये, हिंगोलीच्या शेजारच्या नांदेडमध्ये, दहावे गुरू गोविंदसिंग यांनी आपल्यानंतर ग्रंथच गुरू असेल असं जाहीर केलं.

त्यामुळे गुरुद्वारात ग्रंथाला जिवंत गुरूचा मान मिळतो. पहाटे तो उघडतात, त्याला 'प्रकाश' म्हणतात. रात्री मिटवून ठेवतात, ते 'सुखासन'. छापील प्रतीची पानं १४३० ठरलेली आहेत आणि मजकुरात बदल मान्य नाही. शीख भाविक ग्रंथापुढे माथा टेकतो, तेव्हा त्या गुरुरूपात नामदेवांची वाणीही असते.

वारकरी परंपरा: कीर्तनातून आलेला मान

वारकऱ्यांची प्रस्थानत्रयी म्हणजे ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आणि तुकारामांची गाथा. नामदेवांची गाथा या तिघांत नाही. तरीही त्यांचे अभंग वारीत आणि कीर्तनात सर्रास म्हटले जातात. ही त्रयी कुणी फर्मान काढून ठरवलेली नाही. पारायण, प्रवचन आणि कीर्तनातून ती रूढ झाली.

नामदेवांच्या गाथेतला कोणता अभंग मूळ त्यांचा, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना त्यात मिसळल्या असं मानलं जातं. शीख परंपरेत मजकूर पक्का बांधलेला आहे, तर वारकरी परंपरेत तो गाता गाता वाढला.

इतर धर्मांत काय?

इस्लाममध्ये कुराण हे अल्लाहचे अरबी भाषेतले प्रत्यक्ष शब्द मानतात. म्हणून नमाजमध्ये अरबी पाठच म्हणतात आणि भाषांतराकडे अर्थ समजून घेण्याचं साधन म्हणून पाहतात. मीमांसकांच्या मते वेद 'अपौरुषेय', म्हणजे कुणीही न रचलेले. ख्रिस्ती परंपरेत बायबल माणसांनी, पण ईश्वरी प्रेरणेने लिहिलेलं मानतात. त्यातली पुस्तकं मात्र कॅथलिकांकडे ७३ आणि प्रोटेस्टंटांकडे ६६ आहेत. बौद्धांमध्ये त्रिपिटक बुद्धवचन म्हणून मान्य आहे. शिवाय डॉ. आंबेडकरांचा, १९५७ मध्ये प्रकाशित झालेला, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत श्रद्धेने वाचला जातो.

म्हणजे 'धर्मग्रंथ' हा शब्द एकच असला, तरी त्यामागची कल्पना प्रत्येक ठिकाणी निराळी. कुठे शब्द ईश्वराचा, कुठे ग्रंथच गुरू, तर कुठे संतांचा अनुभव. हा अधिकार तो ग्रंथ मानणारा समाज पिढ्यान्‌पिढ्या जपतो.

फॉरवर्ड आला तर

'अमुक धर्माच्या ग्रंथात असं लिहिलंय' असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. ते वाक्य मूळ ग्रंथातलं आहे की टीकेतलं किंवा भाषांतरातलं? तो ग्रंथ त्या धर्माचे सगळे लोक मानतात की एखादाच पंथ? आणि त्या वाक्याचा अर्थ ते लोक स्वतः काय लावतात?

एका धर्माची पट्टी दुसऱ्याच्या ग्रंथाला लावली, की गैरसमज होतातच. नामदेवांच्या बाबतीतही तसंच. त्यांचं पद गुरुद्वारात ऐकणाऱ्याला ती गुरुवाणी वाटते, तर नर्सीच्या मंदिरात अभंग म्हणणाऱ्याला ती आपल्या संताची हाक वाटते. दोघेही आपापल्या परंपरेनुसार बरोबरच आहेत.